ताश्कंदचा करार, वर्तमानपत्रे आणि आपली घरे

जानेवारी महिना लागला की वर्तमानपत्रांत एक जुना फोटो हमखास दिसतो. ठेंगणे लालबहादूर शास्त्री, त्यांच्याहून हातभर उंच फील्ड मार्शल अयूबखान आणि सोबत सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन. फोटोखालचा मजकूर बहुतेक वेळा शास्त्रीजींच्या मृत्यूबद्दल असतो. त्या रात्री नेमके काय झाले, दूध कोणी दिले, डॉक्टर किती वेळाने आले, हा सगळा तपशील दर वर्षी नव्याने छापला जातो. ज्या कागदावर सही करण्यासाठी ते तिथे गेले होते त्या कागदात काय लिहिले होते, हे मात्र कोणी छापत नाही.

यंदा त्या कागदाला साठ वर्षे झाली. जाहीरनामा जेमतेम नऊ कलमांचा आहे. आम्ही तो या महिन्यात पुन्हा वाचला, आणि त्यावर तेव्हा छापलेली मतेही जमतील तेवढी वाचली. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. आपल्या घरांशी ज्या कलमांचा संबंध होता, त्यांच्याबद्दल दोन्ही देशांत कोणी फारसे लिहिलेच नाही.

नाशिककरांना हा करार परका वाटू नये. ताश्कंदला शास्त्रीजींबरोबर परराष्ट्रमंत्री सरदार स्वर्णसिंग आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते, आणि चव्हाण तेव्हा लोकसभेत नाशिकचे खासदार होते. १९६२ च्या चीन युद्धात नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावून घेतले तेव्हा 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य महाराष्ट्रात घरोघर झाले. पण संसदेत बसायला मतदारसंघ लागतो. तो नाशिकने दिला. १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते इथून बिनविरोध निवडून गेले. म्हणजे कोकणीपुऱ्यातल्या किंवा भद्रकालीतल्या मतदाराला त्यांच्या नावापुढे शिक्का मारायची वेळच आली नाही, पण खासदार आपलाच.

पाकिस्तानशी नाशिकचे याहूनही जुने एक नाते आहे आणि ते नाशिक रोडच्या छापखान्यातले आहे. १ ऑक्टोबर १९४७ रोजी पाकिस्तानात जी पहिली तिकिटे विक्रीला आली ती इंग्रज राजाचे चित्र असलेली जुनीच हिंदी तिकिटे होती. त्यांच्यावर 'पाकिस्तान' एवढा शब्द वरून छापला होता, आणि तो छापला होता आपल्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. १९४८ सालच्या पाकिस्तानी नोटाही इथेच छापल्या गेल्या. रिझर्व्ह बँकेचीच नोट, तिच्यावर 'हुकूमत-ए-पाकिस्तान' ही जास्तीची अक्षरे. नवा देश उभा राहत होता आणि त्याचे टपाल व पैसा काही काळ नाशिकची शाई पुरवत होती. तिकिटे जमवणारे लोक आजही त्या मालिकेला नाशिकच्या नावाने ओळखतात. ज्यांच्या फुफू, खाला, मामू कराचीला गेले होते अशा घरांत ही तिकिटे पाकिटावर चिकटून परत आली असतील. कोकणी मुसलमानांची वस्ती कराचीत तेव्हाही होती, आजही आहे.

आता लढाईकडे येऊ. तिची हकीकत सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १९६५ च्या ऑगस्टमध्ये काश्मिरात घुसखोर आले. २८ ऑगस्टला आपल्या फौजेने हाजीपीर खिंड घेतली. ६ सप्टेंबरला लाहोरच्या दिशेने आघाडी उघडली, आणि २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली. १० सप्टेंबरला असल उत्तरच्या मैदानात हवालदार अब्दुल हमीद रणगाडे उडवताना शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांचे नाव मुसलमान घरांत त्या दिवसांत किती वेळा घेतले गेले असेल, हे सांगायला नको. कारण ते नाव घेण्याची गरज पडत होती. आपली निष्ठा शेजाऱ्याला पटवून द्यायला एका हुतात्म्याचे नाव लागावे, याचे दुःख ज्यांनी ते घेतले त्यांनाच माहीत.

त्या दिवसांतल्या बातम्यांचे एक वैशिष्ट्य सांगितल्याशिवाय पुढचे कळत नाही. दोन्ही देशांच्या वाचकांना एकाच वेळी सांगितले गेले होते की आपण जिंकलो. दिल्लीत छापले जाई ते वेगळे, लाहोरात छापले जाई ते वेगळे. आपल्याकडे १९६२ पासूनची आणीबाणी चालूच होती. पाकिस्तानात तर १९५९ मध्ये 'पाकिस्तान टाइम्स'सारखे पत्र लष्करी राजवटीने ताब्यात घेतले होते, १९६३ चा कडक प्रेस कायदा होता आणि १९६४ पासून बरीच दैनिके सरकारच्या कलाने चालणाऱ्या प्रेस ट्रस्टकडे गेली होती. ज्यांना 'जिंकलो' असे सांगितले, त्यांना चार महिन्यांनी 'जिंकलेले परत करायचे' असे सांगणे किती कठीण, याची कल्पना करा. ताश्कंदला गेलेल्या दोन्ही नेत्यांच्या मानेवर हे ओझे होते.

४ जानेवारीला बोलणी सुरू झाली. १० तारखेला दुपारी सह्या झाल्या. दुसऱ्या कलमाने दोन्ही फौजांनी २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्ट १९६५ च्या जागी परत जायचे ठरले. म्हणजे हाजीपीर सोडायची. पत्रकारांचे प्रश्न याच एका मुद्द्याभोवती फिरत राहिले.

कुलदीप नय्यर तेव्हा यूएनआय या वृत्तसंस्थेसाठी ताश्कंदला होते. त्याआधी ते शास्त्रीजींचे माहिती अधिकारी होते, त्यामुळे आतली माणसे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत. त्या शेवटच्या रात्रीबद्दल त्यांनी लिहून ठेवले आहे. शास्त्रीजींनी दिल्लीला फोन लावून विचारले की करार लोकांना कसा वाटला. विरोधी पक्षांचे अटलबिहारी वाजपेयी आणि सुरेंद्रनाथ द्विवेदी यांनी टीका केली आहे असे कळल्यावर, विरोधकांचे ते कामच आहे, अशा अर्थाचे ते बोलले. मग घरी फोन लागला. घरच्यांनाही हाजीपीर परत दिलेली आवडली नव्हती. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर काबूलला थांबायचे होते. त्यांनी सांगितले की दिल्लीची सकाळची वर्तमानपत्रे काबूलला पाठवा.

ती वर्तमानपत्रे त्यांनी पाहिली नाहीत. मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमाराला त्यांचे निधन झाले. सकाळी शवपेटीला खांदा देणाऱ्यांत अयूबखान आणि कोसिगिन होते.

एका पंतप्रधानाची शेवटची चौकशी वर्तमानपत्रांबद्दल असावी, ही गोष्ट आम्हाला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करते. दूध, डॉक्टर आणि विषाच्या चर्चेत ती दरवर्षी झाकली जाते.

मृत्यूने आपल्याकडचे मत एका दिवसात बदलले. सही करून जिवंत परतलेल्या शास्त्रीजींवर जे लिहिले गेले असते ते लिहिणे ११ जानेवारीनंतर अवघड झाले. बहुतेक मोठ्या पत्रांनी कराराचे स्वागत केले, त्यात आदरांजलीही मिसळलेली होती. जनसंघाचा विरोध कायम राहिला. पुनर्वसनमंत्री महावीर त्यागी यांनी हाजीपीर सोडण्याच्या विरोधात मंत्रिपद सोडले. वाद झाला तो खिंडीचा आणि ठाण्याचा. करार चांगला म्हणणाऱ्यांनी आणि वाईट म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही मोजमाप मैलांत केले.

तिकडे उलट घडले. छापलेले मत कराराच्या बाजूने, रस्त्यावरचे मत विरोधात. लाहोरात विद्यार्थी बाहेर पडले, गोळीबार झाला, माणसे दगावली. अयूबखानांना रेडिओवरून लोकांची समजूत घालावी लागली. परराष्ट्रमंत्री भुत्तो जूनमध्ये सरकारातून बाहेर पडले आणि ताश्कंदमध्ये काहीतरी गुपित आहे, ते मी एक दिवस सांगेन, असे सुचवत पुढे आपला पक्ष उभा करून बसले. गुपित कधी सांगितले गेले नाही. ज्या देशात वर्तमानपत्र सरकारचेच बोलते तिथे वाचक छापलेल्या शब्दाच्या उलट विश्वास ठेवायला शिकतो. अयूबखानांनी पत्रे ताब्यात घेतली होती, पण गरज पडली तेव्हा ती त्यांच्या उपयोगी पडली नाहीत.

तह आणि लोकमत यांचा विषय निघाला की आपल्या वाचकांना हुदैबिया आठवणारच. हिजरी सन ६. उमऱ्यासाठी निघालेला काफिला मक्केच्या वेशीवरून परत फिरतो. अटी एकतर्फी दिसतात. साखळदंडात पळून आलेले अबू जंदल (रजि.) डोळ्यांदेखत परत द्यावे लागतात. हजरत उमर (रजि.) यांच्यासारखी व्यक्ती बेचैन होऊन प्रश्न विचारते. परतीच्या वाटेवर जी सूरह उतरली तिचे नाव मात्र 'अल्-फतह', विजय. तहाने दहा वर्षे शस्त्रे खाली ठेवायचे ठरले आणि वाटा मोकळ्या झाल्या. इकडची माणसे तिकडे जाऊ लागली, बोलू लागली. त्या तहाचा फायदा जमिनीच्या हिशेबात आधी दिसलाच नव्हता, तो येण्याजाण्यात दिसला. ताश्कंद आणि हुदैबिया यांची तुलना करण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. तह कुठे वाचावा, एवढे त्यातून समजते.

म्हणून ताश्कंदची मागची कलमे पाहू. चौथे कलम प्रचाराबद्दल आहे. एकमेकांविरुद्धच्या प्रचाराला दोन्ही सरकारांनी आळा घालावा आणि मैत्री वाढवणाऱ्या प्रचाराला उत्तेजन द्यावे. म्हणजे करारातले एक पूर्ण कलम रेडिओ आणि वर्तमानपत्रे यांच्याशी जवळून जोडलेले होते. ज्यांच्याबद्दल ते होते, त्यांनीच त्याची सर्वांत कमी दखल घेतली. सहावे कलम व्यापार, दळणवळण आणि सांस्कृतिक देवाणघेवाण पुन्हा सुरू करण्याबद्दल. आठवे कलम निर्वासितांबद्दल. त्याच कलमाच्या शेवटी, लढाईच्या निमित्ताने एकमेकांनी ताब्यात घेतलेली मालमत्ता परत करण्याबाबत बोलणी करू, असे एक वाक्य.

दळणवळणाचे पुढे काय झाले? राजस्थानातल्या मुनाबाओहून सिंधमधल्या खोखरापारला जाणारी रेल्वे १९६५ च्या लढाईत बंद पडली. सिंध आणि कराचीला जाण्याचा पश्चिम भारतातला तो जवळचा लोहमार्ग. ताश्कंदनंतर फौजा ठरलेल्या तारखेला मागे गेल्या, उच्चायुक्त परत आले, रेल्वे आली नाही. ती सुरू झाली १८ फेब्रुवारी २००६ रोजी, चाळीस वर्षांनी, 'थर एक्सप्रेस' या नावाने. जी मुलगी १९६५ साली वीस वर्षांची असताना कराचीला सासरी होती, ती एकसष्ट वर्षांची झाल्यावर गाडी सुरू झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तीही थांबली. मुंबईहून कराचीला बोट जायची. कोकणातल्या आणि मुंबईतल्या आपल्या लोकांना ती सोयीची होती. तीही गेली ती गेलीच. मग मुंबईच्या माणसाला समोरच्या बंदराला जायचे तर आधी दिल्ली, मग अमृतसर, मग लाहोर, मग तिथून पुन्हा खाली कराची. आईची मय्यत त्यासाठी थांबत नाही.

मालमत्तेचे वाक्य त्याहून महाग पडले. १० सप्टेंबर १९६५ पासून पाकिस्तानी नागरिकांची भारतातली मालमत्ता 'शत्रू संपत्ती' म्हणून कस्टोडियनकडे गेली. या कस्टोडियनचे कार्यालय मुंबईत होते. ताश्कंदने ती परत देण्याविषयी बोलू असे म्हटले. मार्च १९६६ मध्ये दोन्ही देशांचे मंत्री रावळपिंडीला भेटले, निष्पन्न काही झाले नाही. १९६८ साली आपल्याकडे शत्रू संपत्ती कायदा झाला आणि तात्पुरते वाटणारे कायमचे झाले. पाकिस्तानने १९७१ साली आपल्याकडची अशी मालमत्ता विकून टाकली. २०१७ च्या दुरुस्तीने इथल्या वारसाचाही हक्क संपवला, तो जन्माने आणि कागदाने भारतीय असला तरी. सरकारने २०१८ साली संसदेत दिलेल्या आकड्याप्रमाणे पाकिस्तानात गेलेल्यांच्या अशा मालमत्ता तेव्हा ९,२८० होत्या. यातल्या कितीतरी घरांत एक भाऊ गेला आणि दुसरा राहिला अशी गोष्ट आहे. राहिलेल्याला कधी आपल्याच वाड्याचे भाडे भरावे लागले, कधी वाडा सोडावा लागला. १९६६ च्या जानेवारीत हाजीपीरवर जेवढे रकाने खर्ची पडले, त्यातला एक जरी या एका वाक्यासाठी ठेवला असता तर निदान वेळेत प्रश्न तरी विचारला गेला असता.

जुन्या नाशकातली वडीलधारी माणसे आणखी एक आठवण सांगतात. लढाईच्या काळात टपाल थांबले तेव्हा कराचीचे पत्र तिसऱ्या देशातून फिरवून आणायचे. कोणाचा भाऊ लंडनला, कोणाचा चुलता नैरोबी किंवा मोंबासाला. खैरियतीचे पत्र आधी आफ्रिकेत जायचे, तिथे पाकीट बदलायचे आणि तिथून सरहद्दीच्या दुसऱ्या बाजूला. आपली कोकणी मंडळी पूर्व आफ्रिकेत आणि केपटाऊनपर्यंत पसरलेली, त्याचा हा असाही उपयोग झाला.

आफ्रिकेचे नाव निघाले म्हणून आमचीच एक चूक इथे कबूल करतो. २०१८ साली इथिओपिया आणि एरिट्रिया या दोन शेजाऱ्यांनी समेट केला तेव्हा या मासिकात आम्ही मोठ्या आनंदाने एक चौकट छापली होती. हबशाची भूमी. मक्केतला छळ असह्य झाल्यावर पहिल्या मुहाजिरांना जिथल्या नजाशी बादशहाने आसरा दिला, ती. बातमीही तशीच सुंदर होती. १९९८ ते २००० या काळात बादमे नावाच्या एका लहानशा गावावरून युद्ध, हजारो मृत्यू. २००० साली अल्जीयर्सला करार झाला, २००२ साली सीमा आयोगाने बादमे एरिट्रियाला दिले, इथिओपियाने सोडले नाही. पुढची सोळा वर्षे युद्ध नाही आणि शांतताही नाही. मग ९ जुलै २०१८ रोजी अस्मारात पंतप्रधान अबी अहमद आणि राष्ट्राध्यक्ष इसायास यांनी सह्या केल्या. फोन सुरू झाले. लोक अनोळखी नंबर फिरवून पलीकडच्या माणसाशी नुसतेच बोलत होते. १८ जुलैला वीस वर्षांनी पहिले प्रवासी विमान उडाले आणि उतरताच भाऊबहिणी एकमेकांच्या गळ्यात पडले. ११ सप्टेंबरला सीमा उघडली. जगभरच्या पत्रांनी भरभरून लिहिले, पुढच्या वर्षी अबी अहमद यांना नोबेल मिळाले.

आम्ही छापले नाही ते असे. नोबेल मिळाले तोपर्यंत ती सीमा पुन्हा बंद झालेली होती. डिसेंबर २०१८ पासून एकेक नाके मिटत गेले आणि २०१९ च्या एप्रिलपर्यंत सगळे मिटले. ना जाहीर कारण, ना समारंभ. एरिट्रियात त्यावर लिहायला कोणी नव्हते, कारण तिथली खासगी वर्तमानपत्रे २००१ च्या सप्टेंबरमध्येच बंद करून संपादक-पत्रकारांना तुरुंगात टाकले होते. दावित इसाक हे त्यांतले एक, तेव्हापासून खटल्याविना कैदेत. मग नोव्हेंबर २०२० मध्ये टिग्रेचे युद्ध पेटले आणि एरिट्रियाच्या फौजा इथिओपियात उतरल्या, या वेळी सरकारच्या बाजूने. करार दोन नेत्यांत झाला होता, मधे राहणाऱ्या टिग्रेच्या लोकांना तो दुसऱ्या युद्धाचा रस्ता ठरला. त्यात नेगाश गावातली नजाशींच्या नावाची मशीद, जिथे त्या पहिल्या मुहाजिरांच्या कबरी आहेत असे मानतात, तोफगोळ्यांनी फुटली. ती बातमी वाचून आम्हाला आमची चौकट आठवली. हस्तांदोलनाचा फोटो आम्हीही छापला होता, नाका बंद झाल्याची बातमी आम्हीही छापली नव्हती.

नाका बंद होण्याची बातमी छापायला जागा कमी लागते. ती फोटोसारखी दिसत नाही. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पहलगामच्या निर्घृण हल्ल्यानंतर अटारीचा नाका बंद झाला, व्हिसा रद्द झाले. सरकारने काय करावे हा आमच्या या लेखाचा विषय नाही. पण त्या आठवड्यात इथे माहेरी आलेल्या आणि तिकडे लेकरे असलेल्या बायका सरहद्दीवर उभ्या होत्या. त्यांच्या हातातल्या कागदांची बातमी दोन दिवस आली आणि गेली. पुढे कधी दोन देश टेबलाशी बसलेच, तर त्या कागदांचे कलम कितवे असेल, ते आम्ही पाहणार आहोत.

तोवर वाचकांकडे एक मागणे. १९६५-६६ सालची कराचीची पत्रे, नैरोबी-मोंबासा-लंडनहून फिरून आलेली पाकिटे, व्हिसाचे अर्ज, पोलीस ठाण्यात हजेरी लावल्याच्या पावत्या, कस्टोडियनची नोटीस, असे काही पेटीच्या तळाशी पडले असेल तर फेकू नका. मूळ कागद घरीच ठेवा, आम्हाला फक्त फोटो आणि चार ओळी पाठवा. पाकिटावर नाशिकच्या शाईचे 'पाकिस्तान' छापलेले तिकीट असेल, तर तेही उपटू नका, पाकिटासकट ठेवा.